सात झाडं आणि एक लिंकहॉर्न

नमस्कार श्रोते हो.

डिसेंबर १८५९. इलिनॉयमधला पन्नाशीचा एक वकील, अब्राहम लिंकन, मित्रानं मागितली म्हणून स्वतःची माहिती लिहून देतोय. पुढच्या वर्षी निवडणूक आहे, छापायला काहीतरी हवं. तो लिहितो की आजोबा, त्यांचंही नाव अब्राहमच, व्हर्जिनियातल्या रॉकिंगहॅम काउंटीतून, म्हणजे तिकडच्या जिल्ह्यातून, १७८१-८२च्या सुमारास केंटकीत गेले. त्यांचे पूर्वज पेनसिल्व्हेनियातल्या बर्क्स काउंटीतून व्हर्जिनियात आलेले. न्यू इंग्लंडमध्ये याच आडनावाचं एक घराणं आहे, ते आपलंच का हे पाहिलं. पण मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशी तीच ती नावं दोन्हीकडे सापडतात, यापलीकडे काही हाती लागलं नाही.

म्हणजे कोर्टकज्जांत हयात घालवलेल्या वकिलाची स्वतःची वंशावळ पणजोबापाशी अडलेली होती. अकरा वर्षांपूर्वी, १८४८मध्ये, मॅसॅच्युसेट्समधल्या हिंगहॅम गावच्या सॉलोमन लिंकन नावाच्या गृहस्थांनी त्याला पत्रानं विचारलं होतं. तेव्हाही उत्तर हेच. पणजोबा पेनसिल्व्हेनियातून आले असं ऐकून आहे, त्यामागचं कधी काही कानावर आलेलं नाही.

आज ती साखळी पूर्ण जुळलेली आहे, आणि ती हिंगहॅमलाच जाऊन पोचते. विणकराच्या हाताखाली काम शिकणारा सॅम्युअल लिंकन १६३७मध्ये इंग्लंडमधून आला. प्रवाशांच्या यादीत त्याचं वय १८ लिहिलंय, बाप्तिस्मा मात्र १६२२चा. करा वजाबाकी! कागद खरं बोलतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी पहिल्याच पानावर ठेच खावी हे बरंच. सॅम्युअलचा मुलगा मॉर्डेकाय, त्याचा मुलगाही मॉर्डेकाय, त्याचा जॉन, जॉनचा कॅप्टन अब्राहम, त्याचा थॉमस आणि थॉमसचा आपला वकील.

लिंकनला न सापडलेली कडी मधली होती, दुसऱ्या मॉर्डेकायची. तो मॅसॅच्युसेट्स सोडून थेट पेनसिल्व्हेनियात गेला नाही, मध्ये न्यू जर्सीत थांबला. तिथं लग्न केलं, जमीन घेतली आणि मग पुढं सरकला. पश्चिमेकडे निघालेल्या माणसाची मोठी अडचण हीच, की निघाल्याची नोंद कुणी ठेवत नाही. गाडीला बैल जुंपले, गाठोडी बांधली, शेजारणीच्या डोळ्यांत पाणी आलं, यातल्या कशाचाच कागद होत नाही. कागद होतो तो पैसा, जमीन किंवा मुलगी एका घरातून दुसऱ्या घरात गेली की. त्यामुळे शोधणाऱ्यानं माणसाच्या मागं न धावता त्याच्या जमिनीपाशी बसून राहावं. माणूस निघून जातो, जमीन तिथंच असते, आणि कधी ना कधी ती विकावी लागते.

इथं तसंच झालं. मॉर्डेकाय १७३६मध्ये वारला. मृत्युपत्रात त्यानं न्यू जर्सीतली तीनशे एकर जमीन जॉनला ठेवली. बारा वर्षांनी, १७४८मध्ये, जॉननं ती विकली. खरेदीखतात विकणारा कोण, कुठला आणि कुणाचा हे लिहावं लागतंच. तिथं लिहिलंय, जॉन लिंकन, राहणार पेनसिल्व्हेनियातली लँकेस्टर काउंटी, मॉर्डेकायचा मुलगा. एका वाक्यात तीन गोष्टी हाती आल्या: बाप कोण, मुलगा आता कुठं राहतो आणि कुटुंब आलं कुठून. हे खत न्यू जर्सीच्या दप्तरात होतं. बर्क्समध्ये कितीही धूळ झाडली असती तरी ते मिळालं नसतं. त्यात बर्क्स काउंटीच मुळी १७५२ची. मॉर्डेकाय वारला तेव्हा त्याचं गाव फिलाडेल्फिया काउंटीत होतं. माणूस जागचा हलत नाही आणि काउंटी मात्र बदलते, हा तिकडचा नेहमीचा घोळ. आपल्याकडे जिल्ह्यांची विभाजनं झाल्यावर जुना फेरफार शोधायला फिरलेल्यांना हे वेगळं सांगायला नको.

हाच जॉन १७६८मध्ये व्हर्जिनियात लिनव्हिल क्रीकला गेला. त्याचा मुलगा कॅप्टन अब्राहम यानं १७८०मध्ये तिथली अडीचशे एकर जमीन पाच हजार पौंडांना विकली. आकड्यानं हुरळू नका, तो अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धातला कागदी पैसा, त्याला कवडीची किंमत उरली नव्हती. त्याच साली त्यानं व्हर्जिनिया सरकारला १६० पौंड भरून केंटकीतल्या चारशे एकरांचा हक्क घेतला. त्या पत्रावर नाव आहे अब्राहम ‘लिंकहॉर्न’. कारकुनाला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं. ‘ल’मध्ये लिंकन शोधत बसलेल्या किती जणांच्या नजरेखालून हा लिंकहॉर्न निसटला असेल!

७ मे १७८५ रोजी लाँग रन नावाच्या ओढ्याकाठी त्या जमिनीची मोजणी झाली. तो कागद मला फार आवडतो. केंटकीत तेव्हा गट नंबर नव्हते, चतुःसीमा झाडांनी सांगायची. ओढ्याच्या काठावर ‘एस डी बी’ अशी अक्षरं कोरलेलं एक शुगर ट्री, म्हणजे ज्याच्या रसाची साखर करतात तो मेपल. तिथून पूर्वेला ३०० पोल, एक पॉप्लर आणि एक शुगर ट्री. उत्तरेला २१३ पूर्णांक एक तृतीयांश पोल, एक बीच आणि एक डॉगवुड. पश्चिमेला ३०० पोल, एक पांढरा ओक आणि एक हिकरी. मग उत्तरेला गेलो तितकंच दक्षिणेला चालून पुन्हा पहिल्या झाडापाशी. पोल म्हणजे साडेसोळा फूट, आणि १६० चौरस पोलांचा एक एकर. मी कागदावर गुणाकार करून पाहिला. बरोबर चारशे एकर येतात, गुंठाभर इकडं नाही की तिकडं नाही. दाट जंगलातली मोजणी इतकी चोख निघाली की मला तर संशयच येतो. आधी चारशेचा आकडा धरून झाडं मागाहून शोधली असावीत.

पण खरी गंमत खाली, सह्यांच्या जागी आहे. साखळी धरणारे दोघं, हनानिया लिंकन आणि जोसाया लिंकन. झाडांवर खुणा करणारा, अब्राहम लिंकहॉर्न.

आता नातवाचं म्हणणं आठवा. १८६०च्या आत्मवृत्तात त्यानं लिहिलं, की आजोबांना १७८४च्या सुमारास इंडियनांनी, म्हणजे अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांनी, मारलं. घरात तसंच सांगत आले होते. पण १७८४मध्ये मारला गेलेला माणूस १७८५च्या मे महिन्यात झाडांवर खुणा कशा करील? मृत्यू १७८६चा, असं आता मानतात. दोन वर्षांनी काय बिघडलं, असं वाटेल. बरंच बिघडलं. मृत्युपत्र नसेल तर सगळी जमीन थोरल्या मुलाला, हा व्हर्जिनियाचा जुना नियम १ जानेवारी १७८७पासून रद्द झाला. केंटकी तेव्हा व्हर्जिनियातच होतं. बाप थोड्या महिन्यांनी उशिरा गेला असता तर धाकट्या थॉमसला वाटा मिळाला असता. तसं झालं नाही. थोरला भाऊ, त्याचंही नाव मॉर्डेकायच, जमीनदार झाला आणि थॉमस मजुरी करत, लिहायला-वाचायला न शिकता वाढला. आणि ज्यांनी बापाला मारलं त्यांच्या बाजूचा एकही कागद या दप्तरात नाही. त्यांच्या शिकारीच्या रानातली झाडं इकडच्या कागदावर सीमा होऊन बसली होती.

झाडांच्या या चतुःसीमेनं पुढं थॉमसचेही हाल केले. एकाची सीमा दुसऱ्याच्या सीमेवर चढलेली, दावे संपता संपेनात. १८१६मध्ये त्यानं केंटकी सोडलं. मुलगा लिहितो, काहीसं गुलामगिरीमुळे, पण मुख्यतः जमिनीच्या हक्कांच्या भानगडींमुळे. ओहायो नदीपलीकडे इंडियानात सरकारनं आधीच चौकोन आखून ठेवले होते. व्हिन्सेन्सच्या जमीन कचेरीत १५ ऑक्टोबर १८१७ रोजी थॉमसनं नोंद केली: सेक्शन ३२चा नैऋत्य चतकोर, १६० एकर, दर एकरी दोन डॉलर. ना झाड, ना ओढा. शोधणाऱ्याला स्वर्गच. पण पैसे फिटेनात. १८२७मध्ये अर्धी जमीन सोडून दिली तेव्हा उरलेल्या ऐंशी एकरांची सनद मिळाली. तीन वर्षांनी तीही मागं टाकून तो इलिनॉयला निघाला.

हे सगळं पुरुषांचं झालं. लिंकनची आई नॅन्सी हँक्स हिच्या नावावर जमीन नाही. १८५०च्या आधीच्या अमेरिकन जनगणनेत नाव फक्त कुटुंबप्रमुखाचं, बाकीची माणसं वयाच्या रकान्यात आकडा म्हणून. नॅन्सी १८१८मध्येच गेली, म्हणजे जनगणनेत तिचं नाव येणं शक्यच नव्हतं. तिच्या लग्नाचा कागदही मिळेना. जोडपं हार्डिन काउंटीत राहायचं, म्हणून लोकांनी तिथलं दप्तर पालथं घातलं. काही नाही. लिंकनच्या आईबापांचं लग्नच झालं नव्हतं, अशी कुजबुज त्यातून पसरली, आणि राजकारणात अशा कुजबुजीला पाय किती असतात ते आपल्याला माहीत आहे.

१८७८मध्ये शेजारच्या वॉशिंग्टन काउंटीत, मुलीच्या माहेरच्या कचेरीत, १८०६च्या जूनमधलं पन्नास पौंडांचं हमीपत्र सापडलं. खाली थॉमस लिंकनची सही, आणि जामीन म्हणून रिचर्ड बेरी. लग्न १२ जूनला लागल्याची नोंदही मिळाली. लिंकन जाऊन तेव्हा तेरा वर्षं झाली होती. ज्या गावच्या कचेरीत हे कागद बहात्तर वर्षं पडून होते त्याचं नाव स्प्रिंगफील्ड. लिंकननं वकिली केली तेही स्प्रिंगफील्डच, फक्त ते इलिनॉयमधलं.