अमोघवर्ष : एक बोट आणि एक सिंहासन

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईहून गुजरातकडे निघालेली गाडी घोलवड, उंबरगाव मागे टाकते आणि संजाण येते. परंपरेप्रमाणे पारशी मंडळी जिथे वसली, तेच हे गाव. पूर्वी ते ठाणे जिल्ह्यात होते, आता वलसाडमध्ये आहे. इथे सापडलेल्या तीन ताम्रपटांवर एका राजाने आपल्या हयातीतच आपल्याविषयी लिहून घेतले आहे. त्या राजाविषयी आज बोलायचे आहे. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष, ज्याला नृपतुंग असेही म्हणत.

ताम्रपट म्हणजे काय, ते आधी डोळ्यांसमोर आणू. तांब्याचे जाड पत्रे, एका बाजूला भोक, भोकातून ओवलेली कडी आणि कडीच्या सांध्यावर राजाचा शिक्का. राष्ट्रकूटांच्या शिक्क्यावर सहसा गरुड असतो. पहिला आणि शेवटचा पत्रा फक्त आतल्या बाजूने कोरायचे, म्हणजे बाहेरून झीज झाली तरी अक्षर शाबूत राहते. कडा किंचित उचललेल्या, पत्र्यावर पत्रा घासू नये म्हणून. आणि ही काही शोभेची वस्तू नव्हे. हा जमिनीचा कागद आहे. कोणते गाव, त्याच्या चारी बाजूंना काय, कोणाला दिले, कोणत्या दिवशी दिले, हे त्यात हवेच. राजाची स्तुती असते ती दस्ताच्या डोक्यावरची प्रस्तावना.

संजाणच्या पटात दानाची तारीख अशी आहे : शके ७९३, नंदन संवत्सर, पौष महिना, उत्तरायणाचे पर्व. म्हणजे संक्रांतीचे दान. आता कागद-पेन्सिल घ्या. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, ७९३ अधिक ७८, ८७१. पण दोन ठिकाणी घसरायला होते. एक, इंग्रजी वर्ष पौषाच्या सुमाराला पालटते, त्यामुळे एक जानेवारी उलटली असेल तर ७८ नव्हे, ७९ मिळवायचे. नवव्या शतकात संक्रांत डिसेंबरच्या उत्तरार्धात येई, म्हणून इथे ७८ बरोबर. दोन, पटात ‘अतीत’ हा शब्द आहे. अतीत म्हणजे सरलेली वर्षे. तो शब्द नजरेतून सुटला आणि चालू वर्ष समजून हिशेब केला, तर उत्तर एका वर्षाने चुकते. जुन्या लेखांवरचे निम्मे वाद या एका वर्षाचे असतात.

हीच कसरत राज्यारोहणासाठी करावी लागते. अमोघवर्ष गादीवर कधी बसला, हे कोणी सरळ लिहून ठेवलेले नाही. मात्र धारवाड भागातल्या शिरूरच्या शिलालेखात शके ७८८, ज्येष्ठ अमावास्या, रविवार आणि सूर्यग्रहण अशी नोंद आहे, आणि त्याच्या राज्याचे बावन्नावे वर्ष चालू होते असेही म्हटले आहे. ग्रहण आणि वार जुळवले की तारीख निघते १६ जून ८६६. बावन्नावे चालू, म्हणजे एक्कावन्न पुरी. ८६६ उणे ५१, ८१५. म्हणजे जून ८१४ ते जून ८१५ या बारा महिन्यांत कधीतरी पोरगा गादीवर बसला. पोरगाच म्हणायचे, कारण त्याचा जन्म सुमारे ८०० सालचा. वडील तिसरा गोविंद उत्तरेची मोहीम आटोपून श्रीभवन इथे तळ देऊन होता, तेव्हाचा. श्रीभवन म्हणजे भरूच भागातले सरभोण.

चौदा वर्षांचा राजा म्हटल्यावर पुढे काय होते, ते सांगायला नको. सामंत उठले, आप्त फिरले, गादी काही काळ हातची गेली. संजाणचा पट ते लपवत नाही. रट्टांचे, म्हणजे राष्ट्रकूटांचे, राज्य सूर्यासारखे मावळले आणि पुन्हा उगवले, असे तो म्हणतो. ते उगवले गुजरातच्या शाखेतल्या चुलतभावामुळे, कर्क सुवर्णवर्षामुळे. कर्काचा ८२१ सालचा सुरतचा पट आहे, त्यात या कामगिरीचे श्रेय त्याने घेतले आहे, म्हणजे तोवर घडी बसलेली होती. पुढे याच शाखेशी लढाई जुंपली आणि कर्काचा मुलगा ध्रुव सम्राटाच्या फौजेशी झुंजताना अंगभर जखमा घेऊन पडला. आंध्रातल्या वेंगीच्या चालुक्यांशी विंगवल्लीला लढाई, दक्षिण कर्नाटकातल्या गंग राजांशी वर्षानुवर्षे झटापटी. गंगांचा प्रश्न अखेर त्याने मुलगी देऊन मिटवला. चंद्रोबलब्बे ही राजकन्या गंग राजपुत्र बुतुगाच्या घरी गेली. या राजाची खरी कर्तबगारी रणांगणावर शोधू नये असे माझे मत आहे. वडील आणि आजोबा त्या बाबतीत कितीतरी वरचढ होते.

आता संजाणच्या पटातला तो श्लोक. कवी म्हणतो, जीमूतवाहनाने सापाला वाचवायला आपला देह दिला, शिबीने कबुतरासाठी ससाण्याला दिला, दधीचीने मागणाऱ्याला दिला. पण त्यांनी एकेकालाच तृप्त केले. या वीरनारायणाने, म्हणजे अमोघवर्षाने, ‘लोकोपद्रवशान्तये’, लोकांवरचे संकट शमावे म्हणून, महालक्ष्मीला आपल्या डाव्या हाताचे बोट अर्पण केले.

शब्द आहे ‘स्ववामांगुलिम्’. बोट कोणते, करंगळी की अनामिका, श्लोक बोलत नाही. संकट दुष्काळाचे की साथीचे, तेही नाही. गावाचे नावही नाही. महालक्ष्मी म्हटल्यावर अभ्यासकांनी कोल्हापूर धरले, आणि ते सयुक्तिक आहे. पण ‘कोल्हापूर’ ही अक्षरे श्लोकात आहेत असे कोणी सांगितले तर मान्य करू नका. महत्त्वाचे वेगळेच आहे. राजा जिवंत असताना, त्याच्याच राजधानीत, त्याच्याच शिक्क्याखाली हे कोरले गेले. दरबारी कवी राजाचे शौर्य वाटेल तितके फुगवील. पण राजाच्या हाताला पाचही बोटे असताना चार लिहिणे अवघड. नंतर रचलेल्या दंतकथेपेक्षा या पुराव्याचे वजन म्हणूनच जास्त आहे.

आणि हा राजा जैन होता. इथे श्रोत्यांना अडखळायला होईल, म्हणून थोडे थांबू.

जिनसेन हे त्याचे गुरू. शके ७५९ मध्ये, म्हणजे ८३७ साली, जिनसेनांनी ‘जयधवला’ ही जैन ग्रंथावरची टीका, म्हणजे भाष्य, पुरी केली. एकूण साठ हजार ग्रंथ, त्यातले पहिले वीस हजार त्यांचे गुरू वीरसेन यांचे. ‘ग्रंथ’ म्हणजे इथे पुस्तक नव्हे, बत्तीस अक्षरांचे माप. लेखकूला मजुरी मोजायची तर हेच माप लागे. याच जिनसेनांनी ‘पार्श्वाभ्युदय’ लिहिले. कालिदासाच्या ‘मेघदूता’तल्या ओळी घेऊन प्रत्येक श्लोकात एक-दोन ओवायच्या आणि उरलेल्या आपल्या घालायच्या, असे करत विरही यक्षाच्या काव्यातून पार्श्वनाथांचे चरित्र उभे करायचे. शेवटी अमोघवर्षाला आशीर्वाद. जिनसेनांचे शिष्य गुणभद्र लिहितात, की गुरूंच्या पायांच्या धुळीने मुकुटातली रत्ने पिंगट झाली, तेव्हा राजाला वाटले, आज मी पवित्र झालो.

मग महालक्ष्मीला बोट कसे? आणि संजाणचे दान तरी कोणाला आहे? कराडहून आलेल्या चार ब्राह्मणांना. संजाणच्या चोवीस गावांतले झरिवल्लिका नावाचे गाव त्यांना मिळाले. त्या काळची श्रद्धा एका रकान्यात बसत नाही. गुरू जिनसेन, संकटात महालक्ष्मी, संक्रांतीला ब्राह्मणांना जमीन, आणि स्वतःचे बिरुद वीरनारायण. यातले काय खरे आणि काय राजकारण, अशी निवड करायला बसले की माणूस हातचा निसटतो. त्याला हे सगळे एकाच वेळी खरे होते.

त्याच्या दरबाराभोवतीच्या विद्येचा पसारा मोठा आहे, मी एकच दाखवतो. महावीराचार्यांचा ‘गणितसारसंग्रह’. मंगलाचरणात ते म्हणतात, अमोघवर्षाने जीवांची पिके तृप्त केली, ती ईतीवाचून आणि अवग्रहावाचून. ईती म्हणजे टोळ, उंदीर अशी पिकांवरची अरिष्टे, अवग्रह म्हणजे पावसाने दडी मारणे. अमोघवर्ष, ज्याचा वर्षाव वाया जात नाही, या नावावरचा हा श्लेष. अवर्षणाच्या दख्खनमध्ये राजाचे कौतुक असेच होणार. याच ग्रंथात, ऋण संख्येला वर्गमूळ नसते, कारण ती स्वभावतः वर्ग नाही, हे स्वच्छ सांगितले आहे. शून्याने भागले तर संख्या तशीच राहते, ही चूकही त्याच ग्रंथात आहे.

कानडीतला आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना ग्रंथ, ‘कविराजमार्ग’, याच दरबारातला. कावेरीपासून गोदावरीपर्यंत कन्नडनाडू असे त्यात म्हटले आहे, आणि त्यावरून आपल्याकडे अधूनमधून आवाज चढतात. पण त्याच ग्रंथात अस्सल कानडीचा गाभा किसुवोळल, कोपण, पुलिगेरे, ओंकुंद या गावांमधला म्हटला आहे. तो सारा गोदावरीच्या पुष्कळ दक्षिणेला. दोन्ही ओळी एकत्र वाचाव्यात.

राजधानी मान्यखेट, म्हणजे कलबुर्गी जिल्ह्यातले कागिणा नदीकाठचे मळखेड. अमरावतीकडचे मालखेड निराळे. अरब व्यापारी तिला मानकीर म्हणत आणि राजाला बल्हरा, वल्लभराजाचा अपभ्रंश. सुलैमानाच्या नावाने चालणाऱ्या ८५१ च्या वृत्तान्तात खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा, म्हणजे बायझंटाईन, राजा आणि हा बल्हरा असे जगातले चार मोठे राजे सांगितले आहेत. या घराण्यातले राजे पन्नास पन्नास वर्षे राज्य करतात आणि लोकांच्या मते ते अरबांवरच्या मायेमुळे, असेही लिहिले आहे. तेव्हा मान्यखेटला सदतीस वर्षे एकच राजा होता. व्यापाऱ्यांनी त्यावरून नियम बांधला!

एवढे दीर्घ राज्य त्याने सोडले का, हा शेवटचा प्रश्न. ‘प्रश्नोत्तररत्नमालिका’ या छोट्या काव्याच्या अखेरीस ‘विवेकात्त्यक्तराज्येन’, विवेकाने राज्य टाकलेल्या अमोघवर्षाने ही माला रचली, असे आहे. हे काव्य शंकराचार्यांच्या नावावरही छापतात, पण एका परंपरेत त्याची सुरुवातच वर्धमानाला, म्हणजे जैनांच्या महावीराला, नमस्कार करून होते. नुसत्या या श्लोकावर भिस्त ठेवली नसती. पण संजाणच्या पटात ८७१ मध्येच शब्द आहे ‘असकृत्’. असकृत् म्हणजे एकदा नव्हे, वारंवार. याने आपले राज्य वारंवार टाकले, तिथे बाहेरच्या वस्तूंची काय कथा, आणि नुसता ‘दाता’ म्हटले तरी याला लाज वाटते. त्याच श्लोकात गुप्तवंशातल्या एका दात्याला टोला आहे. भावाला मारून राज्य आणि राणी घेतली, आणि मग लाख-कोटी दान दिल्याचे लिहवून घेतले!

वारंवार सोडायचे तर वारंवार परत यावे लागते. कारभार मुलाकडे, स्वतः गुरूंजवळ, अडचण आली की पुन्हा मान्यखेट, असे काहीसे चालले असावे. कालगणनेतही याची खूण आहे. सौंदत्तीच्या शके ७९७ च्या लेखात मुलगा कृष्ण राजा आहे. आणि त्यानंतर दोन वर्षांनी, शके ७९९ मध्ये, आपल्या बोरिवलीजवळच्या कान्हेरीच्या बौद्ध लेण्यांत राष्ट्रकूटांचा कोकणातला मांडलिक, शिलाहार कपर्दी, याच्या काळचा लेख कोरला गेला. त्यात सार्वभौम राजा म्हणून नाव आहे ते अमोघवर्षाचेच.

नमस्कार.