बेअरिंग तेच, अंतर कमी

(दृश्य: ब्रिजच्या (जहाज चालवण्याच्या कक्षाच्या) विंगवरून, म्हणजे बाजूच्या सज्जावरून दिसणारी, आडवी जाणारी लाँच)

न्हावा शेव्याकडे येणाऱ्या कंटेनर जहाजांची वाट मोरा ते भाऊचा धक्का लाँचची वाट छेदते. टक्कर होईल का, हे इथं नजरेच्या अंदाजावर सोडून चालत नाही. ७ ऑगस्ट २०१० ला हार्बरच्या तोंडाशी एमएससी चित्रा आणि खलिजिया–३ ही जहाजं एकमेकांवर आदळली, तेव्हा शेकडो कंटेनर समुद्रात गेले होते.

विंगवरच्या जायरो रिपीटरवर (मुख्य होकायंत्राची दिशा दाखवणाऱ्या तबकडीवर) अ‍ॅझिमथ सर्कल, म्हणजे नेम धरायचं कडं बसवायचं, समोरचं जहाज त्यात धरायचं आणि त्याची दिशा, म्हणजेच बेअरिंग, अंशांत वाचायची. ०४२. सहा मिनिटांनी ०४२. आणखी सहा मिनिटांनी पुन्हा ०४२. रडारवर अंतर ६ सागरी मैल, मग ५, मग ४. सहा मिनिटांत एक मैल, म्हणजे जवळ येण्याचा वेग १० नॉट (तासाला १० सागरी मैल). बेअरिंग तेच आणि अंतर कमी, म्हणजे दोघं टकरीच्या वाटेवर. हातात उरली २४ मिनिटं.

बेअरिंग होकायंत्राचंच हवं. रेलिंगच्या खांबाशी जुळवून बघितलं, तर आपल्याच जहाजाची नाळ (पुढचं टोक) डोलते आणि बेअरिंग बदलल्याचा भास होतो.

(दृश्य: रडारचा पडदा)

आर्पा, म्हणजे रडारवरच्या जहाजांचा माग ठेवणारी संगणक यंत्रणा, हेच गणित स्वतः करतो. टार्गेट धरल्यावर एका मिनिटात कल कळतो, पुरता अंदाज यायला तीन मिनिटं लागतात. त्याआधीच्या सीपीएवर (दोन जहाजं एकमेकांच्या किती जवळून जातील, त्या अंतरावर) भरवसा ठेवू नये. कुणीही वळण घेतलं, तर तेवढा वेळ पुन्हा थांबायचं.

खरी अडचण छोट्या होड्यांची. लाकडी होडीचा प्रतिध्वनी मुळात कमजोर, अनेकींवर एआयएसही (आपली ओळख आणि जागा रेडिओवर कळवणारं यंत्र) नसतं. पावसाळ्यात ३ सेंटिमीटरच्या रडारवर सरींचा पांढरा पट्टा उमटतो. तेव्हा १० सेंटिमीटरचं रडार लावावं. सी क्लटरची (लाटांचे प्रतिध्वनी दाबण्याची) कळ जास्त फिरवली, तर लाटांबरोबर होडीही पुसली जाते. ही चूक फार सहज होते.

आणि बेअरिंग बदलतंय म्हणून निश्चिंत होऊ नका. तीनशे मीटरचं जहाज जवळ असेल, तर त्याच्या ब्रिजचं बेअरिंग सरकत राहतं, पण आपण त्याच्या नाळेवर जाऊन आदळू शकतो. म्हणून जवळच्या जहाजाची दोन्ही टोकं मोजायची: एक डावीकडे, दुसरं उजवीकडे सरकत असेल, तर धडक मधोमध.

वळायचं तर ठळक वळावं. पाच-पाच अंशांची वळणं समोरच्याच्या रडारवर दिसतच नाहीत. वळल्यावर, जहाज मागे पडेपर्यंत बेअरिंग घेत राहायचं.