ऑनलाइन वर्गात मुले किती असावीत?

नमस्कार. कोल्हापुरातून, राजारामपुरीतल्या माझ्या या छोट्या खोलीतून मी आपल्याशी बोलतो आहे. याच टेबलावरून मी रोज संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या मुलांना ऑनलाइन गणित शिकवतो. जून जवळ आला की पालक एक प्रश्न हमखास विचारतात: "सर, ऑनलाइनच तर आहे, मग बारा मुलं झाली की प्रवेश का बंद करता? बाकांची अडचण नाही, खोलीची नाही. आणखी वीस मुलं बसली तर काय बिघडलं?" प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर नीट द्यावे म्हणून आजचा हा व्हिडिओ.

आधी एक प्रसंग सांगतो. मागच्या पावसाळ्यात सहावीच्या तासिकेत अपूर्णांकांची बेरीज चालली होती: एक छेद दोन अधिक एक छेद तीन. राधानगरी तालुक्यातल्या एका वाडीवरून एक मुलगी या वर्गाला बसते. तिच्या घरी रेंज फक्त माळ्यावरच्या खिडकीशी मिळते, म्हणून ती तिथेच पोते अंथरून बसते. तिने वही कॅमेऱ्यासमोर धरली, तर उत्तर होते दोन छेद पाच. अंशात अंश मिळवला होता आणि छेदात छेद. मी 'चूक' म्हटले नाही. "ताटात अर्धी भाकरी आहे, त्यात आणखी एक तिसरा हिस्सा वाढला, तर आता अर्धीपेक्षा जास्त झाली की कमी?" असे विचारले. "जास्त." "आणि दोन छेद पाच?" ती गप्प झाली. बराच वेळ पावसाचाच आवाज येत होता. मग म्हणाली, "सर, पाचातले दोन म्हणजे अर्ध्याला कमीच की." त्यानंतर भाकरीचे सहा भाग करायला हवेत, हे तिचे तिनेच शोधले. या सगळ्याला चार मिनिटे लागली, आणि तेवढ्या वेळात आणखी दोन मुलांनी, ज्यांनी तीच चूक केली होती, आपापल्या वहीत उत्तर खोडून दुरुस्त केले.

हाच धडा मी २०२० मध्ये, टाळेबंदीच्या काळात, ४८ मुलांना ऑनलाइन शिकवला होता. सगळ्यांचे माइक बंद, कारण उघडले तर कुकरच्या शिट्ट्यांपासून घरातल्या भांडणांपर्यंत सगळेच वर्गात येई. उत्तरे चॅटमध्ये मागवली. पहिल्या दहा सेकंदांत दोन मुलांनी 'पाच छेद सहा' लिहिले आणि पाठोपाठ तेच उत्तर तीस-बत्तीस वेळा उमटले. सगळ्यांना आले, असे समजून मी पुढे गेलो. सहामाहीच्या उत्तरपत्रिका हातात आल्या, तेव्हा निम्म्याहून अधिक मुलांनी अंशात अंश आणि छेदात छेद मिळवलेला होता. ती चूक मला चार महिने दिसली नव्हती, याचे शल्य मला आजही आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे की समजावून सांगणे एकाच वेळी कितीही मुलांना करता येते, पण ऐकून घेणे तसे वाढवता येत नाही. चाळीस मिनिटांच्या तासिकेत ४८ मुले असतील, तर मी तोंडातून एक शब्दही न काढता केवळ ऐकत राहिलो, तरी प्रत्येकाच्या वाट्याला एक मिनिटसुद्धा येत नाही. बारा मुले असतील, तर तीन मिनिटांहून थोडा अधिक वेळ येतो.

प्रत्यक्ष वर्गात ही उणीव शिक्षकाचे डोळे काही प्रमाणात भरून काढतात. शेवटच्या बाकावरचे मूल पेन्सिल चावत बसले आहे, कोणी शेजाऱ्याच्या वहीत डोकावते आहे, हे फळ्याकडून नुसते वळले तरी कळते. ऑनलाइन वर्गात शिक्षकाची नजर पडद्याएवढीच असते. झूमवर संगणकाच्या एका पानावर साधारणपणे २५ चौकटी मावतात, आणि त्यावर मी फळ्याचे पान उघडले की चेहऱ्यांसाठी एक अरुंद पट्टीच उरते. मोबाइलवरून शिकवणाऱ्या शिक्षकाची अवस्था तर याहून कठीण असते.

दुसरी गोष्ट थांबण्याची. मेरी बड रो या अमेरिकन संशोधक महिलेने १९७० च्या दशकात वर्गांतले संभाषण ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात, असे दिसले. ही वाट तीन सेकंदांपर्यंत वाढवली, तेव्हा मुलांची उत्तरे लांबली आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागली. ऑनलाइन वर्गात माइक उघडायलाच तीन सेकंद जातात, म्हणजे आपल्याला त्याहून पुष्कळ अधिक थांबावे लागते. ४८ जणांच्या वर्गात ती शांतता शिक्षकाला सोसवत नाही.

लहान वर्गांबद्दलचा सर्वांत गाजलेला प्रयोग अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ ते १९८९ या काळात झाला. बालवाडी ते तिसरीच्या ११ हजारांहून अधिक मुलांना सोडत काढावी तसे वेगवेगळ्या वर्गांत घातले गेले: काही वर्ग १३ ते १७ मुलांचे, काही २२ ते २५ मुलांचे, आणि काही तेवढेच मोठे पण मदतनीस दिलेले. वाचन आणि गणित या दोन्हींत लहान वर्गांतली मुले पुढे राहिली. मदतनीस दिल्याने मात्र फारसा फरक पडला नाही. हा प्रयोग प्रत्यक्ष वर्गांतला आणि लहान वयाच्या मुलांवरचा आहे, हे मी मुद्दाम सांगतो, कारण तो जसाच्या तसा ऑनलाइनला लावणे बरोबर नाही. तरीही "आमच्याकडे दोनशे मुले बसतात, पण चॅट सांभाळायला सहायक आहे," असे कोणी सांगितले, तर मला त्या तिसऱ्या गटाची आठवण होते.

खर्चाचा प्रश्न खरा आहे. मुले कमी म्हणजे प्रत्येकाच्या फीचा भार जास्त, आणि ज्या शिक्षकाच्या पटावर ३६ मुले आहेत त्याला निम्मी मुले दुसरीकडे पाठवता येत नाहीत. अशा ठिकाणी समजावण्याचा भाग वीस मिनिटांत ध्वनिचित्रमुद्रित करून सर्वांना पाठवावा, आणि नंतर बारा-बारा मुलांचे तीन गट करून प्रत्येकाला अर्धा तास द्यावा. शिक्षकाचा वेळ बराच वाढतो, पण मुलाचा पडद्यासमोरचा वेळ एका तासिकेपेक्षा दहाच मिनिटांनी वाढतो. मात्र गट लहान करूनही शिक्षक अर्धा तास एकटाच बोलणार असेल, तर वर्ग लहान केल्याचा काहीही उपयोग होणार नाही.

आपल्या कोल्हापुरात १९१७ साली राजर्षी शाहू महाराजांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे केले, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दंड ठेवला. तेव्हा मूल शाळेत नसेल, तर ते उघड दिसत होते. आज नाव लिहिलेली काळी चौकट तासभर वर्गात हजर असते आणि तिच्यामागे कोणीच नसते.

म्हणून प्रवेश घेताना शिक्षकाला फीच्या आधी हे विचारा: एका वेळी पडद्यावर किती मुले असतात, आणि आठवड्यातून किती वेळा माझे मूल स्वतः बोलेल? शक्य असेल तर एक तासिका मुलाशेजारी गप्प बसून ऐका, आणि शिक्षकाने किती मुलांना नावाने हाक मारली ते मोजा.