डिस्पोजलची जीप घेण्यापूर्वी चेसिसखाली वाका

नमस्कार. माझ्या मागे उभी असलेली ही जीप दुसऱ्या महायुद्धातली आहे. युद्ध संपल्यावर सैन्याने मागे ठेवलेल्या अशा गाड्या विकल्या गेल्या, म्हणून आपल्याकडे त्यांना ‘डिस्पोजलची जीप’ हे नाव पडले. आज मी एवढेच सांगणार आहे की ही गाडी घेताना रंग आणि इंजिनाचा आवाज यांवर न भाळता आधी चेसिस, म्हणजे गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा, ओळखावी.

विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी १९४१ ते १९४५ या काळात एकाच आराखड्यावर सहा लाखांहून अधिक जीप बनवल्या, आणि एकीचे सुटे भाग दुसरीला बसत असल्यामुळे ऐंशी वर्षांच्या दुरुस्त्यांत त्यांची पार सरमिसळ झाली आहे. आता रेडिएटरच्या खालचा हा आडवा दांडा पाहा. तो गोल नळीचा असेल तर चेसिस विलीजची, चौकोनी पन्हाळीसारखा असेल तर फोर्डची. फोर्डने बोल्टांच्या डोक्यांवरही ‘एफ’ अक्षर उमटवले होते. समोरच्या जाळीत नऊ खाचा असल्या की लोक गाडी युद्धातली समजतात, पण जाळी बदलणे सोपे असते. फोर्डचा चेसिस क्रमांक डाव्या बाजूच्या चेसिसवर ठोकलेला असतो. विलीजचा मात्र रिव्हेटने बसवलेल्या पट्टीवर असतो आणि पट्टी निघू शकते. म्हणून रिव्हेट जुने आहेत का, हे बॅटरीच्या उजेडात पाहावे आणि क्रमांक आरसी बुकाशी अक्षर न् अक्षर ताडून घ्यावा.

२०२१ च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या गाडीची नंबरप्लेटच्या ‘व्हीए’ मालिकेत व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येते. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये आहे, ती दहा वर्षे चालते, आणि अशी गाडी रोजच्या वापरासाठी काढता येत नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली गाडी या व्याख्येत बसत नाही. पेट्रोल परवडत नाही म्हणून आपल्याकडे कितीतरी जीपना डिझेल इंजिने बसवली गेली. त्या मालकांची अडचण मला समजते, तरीही मूळ इंजिन कोपऱ्यात पडलेले दिसले की वाईट वाटते. शिवाय, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून इतर कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देण्यास केंद्रीय मोटार वाहन नियमांची मनाई आहे.

मूळ इंजिन २.२ लिटरचे, चार सिलिंडरचे आणि साठ अश्वशक्तीचे आहे. त्याचे वाल्व ब्लॉकमध्येच असल्यामुळे हेड काढणे सोपे जाते. त्रास होतो तो पेट्रोलच्या वाटेत. एप्रिलमधल्या एका दुपारी खंबाटकी घाट चढताना माझी जीप तीनदा बंद पडली, कारण उष्णतेने नळीतल्या पेट्रोलची वाफ होत होती; फ्युएल पंपावर ओले फडके गुंडाळले, दहा मिनिटे थांबलो, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि ते जुने रबर खाते, त्यामुळे पंपाचा डायफ्रॅम (आतला लवचीक पडदा) आणि नळ्या इथेनॉल सोसणाऱ्याच घालाव्यात. टाकी चालकाच्या आसनाखालीच आहे, हेही ध्यानात असू द्यावे.

ब्रेकच्या बाबतीत मी कोणतीही तडजोड करत नाही. पेडल दाबल्यावर चारही चाकांना एकाच मास्टर सिलिंडरमधून ब्रेक ऑइल जाते, म्हणून एका चाकाजवळच्या व्हील सिलिंडरला गळती लागली तरी चारही ब्रेक जाऊ शकतात. त्यामुळे उतारावर गाडी दुसऱ्या गिअरमध्येच ठेवावी. हँडब्रेक चाकांवर नसून मागे जाणाऱ्या शाफ्टवर लागतो. तो उभ्या गाडीसाठी आहे, चालत्या गाडीत ओढू नये. डांबरी रस्त्यावर पुढच्या चाकांना इंजिनाशी जोडणारा लिव्हर सोडलेला असावा, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके सारखी फिरत नाहीत आणि तो ताण गिअरांवर येतो. चिखलात लो गिअर, म्हणजे कमी वेगात जास्त ओढ देणारा गिअर, हवा असेल तर आधी पुढची चाके जोडावी लागतात, त्याशिवाय तो पडतच नाही.

काही जीपना दोन अर्धी चाके बोल्टने जोडून केलेली रिम असते. पंक्चर काढताना हवा पूर्ण सोडल्याशिवाय त्या बोल्टांना पाना लावू देऊ नका. आत दाब असताना रिमचे दोन्ही भाग उडून माणसाचा जीव जाऊ शकतो. नव्या पंक्चरवाल्याला हे ठाऊक असेलच असे नाही, म्हणून मी टायरचा वाल्व स्वतः काढतो आणि हवा पूर्ण जाईपर्यंत तिथून हलत नाही.