भिंतीवरचं बाळबोध

(पडदा काळा. दगडी फरशीवर खराटा फिरल्याचा आवाज. हळूहळू उजेड.)

मी अक्षरं शिकलो ती एका देवळाच्या भिंतीवर.

घरात पाटी होती, पण पाटीवर तमिळ. शाळा तमिळ, गल्ली तमिळ, रेडिओ तमिळ. मराठी फक्त उंबऱ्याच्या आत, आणि तीही बोलण्यापुरती. संध्याकाळी आजी मनगट धरून मला पेरिय कोविलला न्यायची. पेरिय कोविल म्हणजे आमच्या तंजावरचं थोरलं देऊळ. बृहदीश्वर वगैरे बाहेरून आलेले लोक म्हणतात. राजराज चोळानं 1010 साली पुरं केलेलं, दोनशे फुटांहून उंच शिखराचं हे देऊळ बघायला जग येतं. आजी त्या शिखराकडे मान वर करून बघायचीसुद्धा नाही. नंदीला हात जोडायची, महादेवाचं दर्शन उरकायची आणि थेट नैऋत्येच्या अंगाला, ओवरीच्या भिंतीशी जाऊन थांबायची.

(कॅमेरा भिंतीवरून सरकतो. कोरलेल्या ओळी.)

इथं दगडात मराठी आहे. ओळीखाली ओळ, बाळबोधात, म्हणजे देवनागरीत कोरलेली. तंजावरवर राज्य केलेल्या भोसल्यांच्या घराण्याची सगळी कथा. दुसऱ्या सरफोजीराजांनी 1803 साली ती कोरून घेतली, मजकूर चिटणीस बाबूरावांचा. जगातल्या सगळ्यांत मोठ्या शिलालेखांत याची गणना होते. आमच्यासाठी मात्र ती फुकटची अंकलिपी होती.

आजी म्हणायची, "वाच." मी बोट ठेवायचो. श. ह ला काना. ज ला दुसरी वेलांटी. शहाजी. मी वाचलेला पहिला मराठी शब्द. ळ यायला मात्र वेळ लागला, कारण सापडलेला पहिला ळ माझ्या डोक्याच्या बराच वर होता. शेवटी आजीनं मला कडेवर घेतलं आणि बोट तिथवर पोचवलं.

पन्नास वर्षांनी मी पुन्हा त्याच ओवरीत उभा आहे. बोट पुढे केलं, तर पहारेकरी लांबूनच ओरडला, हात लावू नका. बरोबर आहे त्याचं. मी हात खिशात घातला.

(रस्ता. रिक्षा, केळीची पानं विकणारी बाई, राजवाड्याचा मनोरा.)

तंजावरात मराठी आली कशी, हे पुण्यात मला इतक्यांनी विचारलंय की उत्तर पाठ झालंय. शहाजीराजांचे धाकटे चिरंजीव व्यंकोजी, शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ, आदिलशाहीचे सरदार म्हणून दक्षिणेत आले आणि 1675 च्या सुमारास तंजावरच्या गादीवर बसले. 1677 मध्ये महाराज कर्नाटकच्या स्वारीवर आले, तेव्हा कोळ्ळिडम नदीच्या काठी, तिरुमळवाडीला दोघा भावांची भेट झाली. वडिलांच्या मिळकतीतला अर्धा वाटा, हा विषय. बोलणं फिसकटलं आणि व्यंकोजी रातोरात नदी उतरून निघून गेले. वाटणीवरून भाऊ रुसणं हे काही आपल्याकडे नवीन नाही. पुढे पावणेदोनशे वर्षं त्यांचा वंश इथं नांदला. 1855 मध्ये शेवटचे शिवाजीराजे मुलगा मागे न ठेवता वारले आणि कंपनीनं राज्य खालसा केलं. राणी कामाक्षीबाईंनी कोर्टात दावा लावला. मद्रासच्या कोर्टात त्या जिंकल्या, आणि 1859 मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलनं सांगितलं की हे सरकारचं राजकीय कृत्य आहे, यात कोर्टाला पडता येत नाही.

राजे गेले. राजांचे कारकून कुठं जाणार? मोडी लिहिणारे, हिशेब ठेवणारे, पुराणिक, कीर्तनकार, स्वयंपाकी इथंच राहिले. काहींनी बाहेर नाव काढलं. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा या तीन संस्थानांचं दिवाणपद सांभाळणारे सर टी. माधवराव कुंभकोणमचे, आणि त्यांच्या नावातला टी म्हणजे तंजावर. आमच्या घरात कुणी दिवाण झालं नाही. आजोबांचे आजोबा राजवाड्यात कारकून होते, एवढंच भांडवल, आणि ते तीन पिढ्या पुरवून वापरलं.

(पश्चिमेची वीथी. एका दुमजली इमारतीसमोर निवेदक.)

हे आमचं घर. म्हणजे इथं होतं. आता खाली मोबाइलचं दुकान आहे आणि वर शिकवणीचा वर्ग. पूर्वी रस्त्याला लागून तिण्णै होती, ओटा म्हणा. आत चौक, मागे कोल्लै, म्हणजे परसू, आणि परसात विहीर. आमच्या मराठीत तिण्णै आणि कोल्लै हे दोन्ही शब्द तमिळच राहिले. "तिण्णैवर बस", "कोल्लैत जा". बाकीचं वाक्य मराठी.

गल्लीत आम्ही रायर, म्हणजे राव. रायर वीट्टु पैयन, रायरांच्या घरचा पोरगा, असंच मला हाक मारायचे. म्हणजे आपला, पण थोडा बाहेरचा. मला ते कधी बोचलं नाही. लहान मुलाला थोडं वेगळं असणं आवडतंच. तमिळ आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी सगळं गाव भरलेल्या पाण्याची पूजा करायला नदीवर लोटायचं, चित्रान्नाचे डबे घेऊन. आम्हीही जायचो. आणि गणपतीला घरी उकडीचे मोदक व्हायचे, ते गल्ली खायची. दोन्हीकडचं जेवायला मिळतं, यापलीकडे माझी अस्मिता गेलेली नव्हती.

1975 च्या जूनमध्ये वडिलांची बदली पुण्याला झाली. आजी आली नाही. मी आनंदात होतो. आता सगळीकडे मराठी! दुकानदार मराठी, कंडक्टर मराठी, शाळेतला शिपाईसुद्धा मराठी!

तिसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं, "वही कधी आणणार?"

मी उभा राहून सांगितलं, "उदईक आणतो."

(शांतता. रिकामा वर्ग. बाकं.)

वर्ग हसला. बाईही हसल्या. वाईट हेतूनं नाही, त्यांना खरंच गंमत वाटली असणार. उद्या म्हणायचं रे, म्हणाल्या. मधल्या सुट्टीपर्यंत माझं नाव उदईक पडलं होतं आणि सातवीपर्यंत ते टिकलं. ज्यांना एवढं लांब वाटायचं ते मद्रासी म्हणायचे. मग मी एक केलं. घरच्या मराठीत तोंडच उघडेना. वडील आमच्या मराठीत विचारायचे आणि मी पुण्याच्या मराठीत उत्तर द्यायचो. आईचे 'कोल्लै' आणि 'तिण्णै' दुरुस्त करायचो. दहा वर्षांचं पोर घरात व्याकरण शिकवत होतं आणि कुणी थोबाडीत मारली नाही, याचं आज नवल वाटतं.

अजून एक प्रश्न असायचा. "मूळ गाव कुठलं?" वडील सांगायचे, तंजावर. "ते झालं हो, पण त्याआधीचं?" त्याआधीचं कुणालाच ठाऊक नव्हतं. साताऱ्याकडचं, असं वडील एकदा म्हणाले, आणि ते थाप मारताहेत हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं. मी चिडलो. आपल्याला साधं एक मूळ गाव असू नये? खरं म्हणजे होतं. झाड जिथं वाढलं तिथंच त्याचं मूळ. पण पुण्यात मूळ म्हटलं की ते घाटाच्या अलीकडेपलीकडे असावं लागतं.

आजी एकदाच पुण्याला आली, 1977 च्या दिवाळीत. वाड्याच्या दारात माझे मित्र क्रिकेटला बोलवायला आले. आजी ओसरीवर बसलेली. तिनं त्यांना मायेनं सांगितलं, "आज अभ्यास आहे रे त्याला. उदईक या."

पोरं माझ्याकडे बघून फिसफिसली. एकानं विचारलं, कोण रे ही?

मी म्हणालो, "शेजारची आहे."

ती ऐकत होती. आठवड्याच्या आत तंजावरला परत गेली. परत आली नाही, आणि मी बारावीत असताना वारली. परीक्षा होती, म्हणून मी गेलो नाही. परीक्षेचं कारण मला सोयीचं पडलं.

(सरस्वती महालचं दालन. कपाटं, कापडात बांधलेली दप्तरं.)

सरस्वती महाल ग्रंथालयात मी दोन दिवस काढले. तंजावरच्या दरबाराचे मोडी कागद पाहत बसलो. मला मोडी नीट येत नाही. तिथल्या एका तमिळ अभ्यासकानं मला वाचून दाखवली. तमिळ माणूस, मोडी लिपी, मराठी मजकूर, आणि ऐकणारा पुणेकर. ओशाळायला एवढं पुरेसं होतं.

उदईक या शब्दाचा छडा मी आधीच लावला होता. जुन्या पत्रांत, बखरींत तो जागोजाग भेटतो. पुण्याच्या पेशवाईतली माणसं उद्याला उदईकच म्हणत. म्हणजे आजी चुकत नव्हती. पुण्यानं शब्द टाकला, तिच्या घरानं ठेवला. आणि सरफोजीराजांनी राजवाड्यात देवनागरी छापखाना घालून 1806 मध्ये इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या, तेव्हा पुण्यात छापखाना यायला अजून अवकाश होता. हे मला दहाव्या वर्षी ठाऊक असतं तर? तर वर्ग कदाचित जास्तच हसला असता.

एक गोष्ट मला फार आवडते. व्यंकोजींचे चिरंजीव दुसरे शहाजीराजे. त्यांच्या नावावर पंचभाषाविलास नावाचं नाटक आहे. त्यात द्रविड देशाची राजकन्या तमिळ बोलते, आंध्रची तेलुगू, महाराष्ट्राची मराठी, उत्तरेची हिंदी. संस्कृत आहेच. सगळ्याजणी आपापल्या भाषेत, आणि कुणी कुणाला दुरुस्त करत नाही. हल्ली महाराष्ट्रातून बस भरून लोक इथं येतात, दरबार हॉलमध्ये घोषणा देतात, मराठ्यांनी दक्षिण जिंकली म्हणतात. देऊ देत घोषणा. पण ज्या राजघराण्यानं तेलुगूत काव्यं लिहिली आणि ज्याच्या पदरी भरतनाट्यमचे तंजावर बंधू होते, त्यानं कुणाला जिंकलं आणि त्याला कुणी, हा हिशेब घोषणेत मावत नाही.

(खाणावळ. केळीचं पान. वाढणाऱ्याचा हात.)

दुपारी एका खाणावळीत पानाच्या कडेला पांढरं, घट्टसर काहीतरी पडलं. वर मोहरीची फोडणी. मी चव घेतली आणि हात थांबला. भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवलेलं. डांगर! वाढणाऱ्याला विचारलं, हे काय? म्हणाला, टांगर पच्चडी, आमच्याकडचा जुना पदार्थ. मराठी का, असं विचारल्यावर त्यानं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. तमिळ, म्हणाला. मी वाद घातला नाही. सांबार संभाजीराजांवरून आलं, ही गोष्ट गाईड रंगवून सांगतात, पुरावा कुणी दाखवत नाही. डांगराला पुरावा लागत नाही. मी ते तीनदा मागून घेतलं.

(गल्ली. संध्याकाळ. जुन्या घराचं दार, दारात कोलम.)

आमच्या घराशेजारचं घर अजून तसंच आहे. दारात मामी बसल्या होत्या. इथं शेजारणीला मामीच म्हणतात. पंच्याऐंशीच्या पुढच्या, दिसतं कमी. मी ओळख सांगितली. बराच वेळ नुसत्या बघत राहिल्या, मग म्हणाल्या, "रायर वीट्टु पैयन."

पितळी टंबलरमधून कॉफी आली. फेस वरपर्यंत. मी इतकी वर्षं मनात ठेवलेली गोष्ट माझ्या मोडक्या तमिळमध्ये त्यांना सांगितली. की मी असं म्हणालो होतो. की आजी त्यामुळे परत आली.

मामींनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छे. कॉफीमुळे आली ती."

मला कळेना.

"पुण्यात डिकॉक्शन मिळत नाही, चहा पाजतात दिवसभर, म्हणाली. डोकं दुखायचं तिचं. आल्या आल्या इथं, या पायरीवर बसून दोन टंबलर प्यायली."

खरं असेल? आजी असं काही मुद्दाम सांगून ठेवणारी होती, हेही मला ठाऊक आहे. विचारायला आता कुणी नाही. मी कॉफी प्यायलो.

निघताना मामी म्हणाल्या, तुमच्या भाषेत काहीतरी बोल. फार दिवस कानावर पडली नाही. मी म्हणालो, "मामी, तुम्हाला भेटून खूप बरं वाटलं. मी उद्या पुन्हा येईन."

त्यांनी मान हलवली. "नाही. ही ती नाही." डोळे मिटून थोडा वेळ आठवत बसल्या. परसातली मधली भिंत बुटकी होती. वर्षानुवर्षं रोज दिवेलागणीला त्या भिंतीवरून आजीचा निरोप घेणं व्हायचं. ती मराठीत बोलायची, मामी तमिळमध्ये उत्तर द्यायच्या. मामींनी डोळे उघडले, आणि आजीच्याच हेलात, प्रत्येक अक्षरावर तमिळ वजन देत, त्या म्हणाल्या,

"जातें गं मी. उदईक येतें."

(टंबलर खाली ठेवल्याचा आवाज. पडदा काळा.)