हॉब्ज लेनचा खड्डा

श्रोतेहो, नमस्कार.

लंडनच्या नाइट्सब्रिज भागात एका नव्या इमारतीचा पाया खोदण्याचे काम चालू आहे. चिखलातून माती उपसताना मजुरांना एक कवटी सापडते आणि काम थांबते. डॉक्टर मॅथ्यू रोनी नावाचे शास्त्रज्ञ आपल्या मदतनिसांसह तिथे उतरतात, आणि ही हाडे पन्नास लाख वर्षांपूर्वीच्या मानवसदृश प्राण्याची आहेत, असे त्यांच्या लक्षात येते. खणता खणता आणखी खाली धातूचे काहीतरी लागते. महायुद्ध संपून तेरा वर्षे झाली असली, तरी लंडनच्या जमिनीत न फुटलेले जर्मन बॉम्ब अजून निघत असत, त्यामुळे लष्कराला बोलावले जाते. बॉम्ब निकामी करणारे जवान यंत्र लावून पाहतात आणि मग रोनी एक साधाच प्रश्न विचारतात: ही वस्तू युद्धात पडली असेल, तर पन्नास लाख वर्षे जुनी कवटी तिच्या आत कशी?

‘क्वाटरमास अँड द पिट’ या बीबीसीच्या सहा भागांच्या दूरचित्रवाणी मालिकेची ही सुरुवात आहे. २२ डिसेंबर १९५८ पासून २६ जानेवारी १९५९ पर्यंत दर सोमवारी रात्री ती प्रसारित झाली आणि तिचा शेवटचा भाग सुमारे १ कोटी १० लाख लोकांनी पाहिला. बराचसा भाग स्टुडिओतून थेट सादर होत असे आणि अवघड दृश्ये आधी चित्रित करून त्यात जोडली जात.

प्राध्यापक बर्नार्ड क्वाटरमास या अग्निबाणशास्त्रज्ञाची ही तिसरी मालिका. पहिली १९५३ च्या उन्हाळ्यात आली. तिच्यात अंतराळातून परतलेला माणूस हळूहळू भलत्याच जीवात रूपांतरित होतो आणि अखेर वेस्टमिन्स्टर ॲबीमध्ये जाऊन पोहोचतो, त्याच ॲबीमध्ये, जिथला राणीचा राज्याभिषेक प्रेक्षकांनी जूनमध्ये त्याच पडद्यावर पाहिला होता. दुसरी १९५५ ची. तीत परग्रहवासीयांनी सरकारी यंत्रणेतच शिरकाव केलेला असतो. दोन्ही उत्तम आहेत. पहिलीचे तर आज दोनच भाग शिल्लक आहेत, ही मोठीच हानी. तरीही माझ्या मते या लेखकाचे सर्वांत खोल काम तिसऱ्या मालिकेत आहे, कारण तिच्यात स्वारी व्हायची बाकी नाही. ती होऊन गेली आहे आणि तिचा परिणाम आपण आहोत.

हे लेखक नायजेल नील. त्यांचे बालपण भुताखेतांच्या कथा जपणाऱ्या आयल ऑफ मॅन या बेटावर गेले. दिग्दर्शक रुडॉल्फ कार्टिए मूळचे व्हिएन्नाचे. बर्लिनच्या चित्रपटसृष्टीत काम करत असताना नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे त्यांना देश सोडावा लागला. मागे राहिलेली त्यांची आई आणि इतर काही आप्त वंशसंहारात मारले गेले. ही माहिती मी मुद्दाम सांगतो आहे, कारण मालिकेच्या पाचव्या भागापाशी आपल्याला तिची आठवण ठेवावी लागणार आहे.

खड्डा ज्या गल्लीत आहे तिचे नाव हॉब्ज लेन, आणि हॉब हे सैतानाचे जुने लोकप्रचलित नाव. जुन्या नोंदी चाळताना क्वाटरमास यांना दिसते, की या गल्लीत जेव्हा जेव्हा जमीन खणली गेली, तेव्हा तेव्हा लोकांनी काहीबाही पाहिले आणि ती जागा झपाटलेली ठरली. ज्याला पिढ्यान्‌पिढ्या भूत म्हटले गेले, त्याचा उगम जमिनीखालच्या त्या धातूच्या वस्तूत होता, आणि ती वस्तू बॉम्ब नव्हती, मंगळावरून आलेले यान होते. यानातला बंद कप्पा उघडतो आणि आत टोळासारखे, तीन पायांचे, डोक्यावर शिंगे असलेले मेलेले जीव दिसतात. हवा लागताच ते नासू लागतात आणि रोनींची माणसे ते वाचवण्यासाठी धावपळ करतात. शिंगे असलेला तो चेहरा पाहून प्रेक्षकाच्या मनात चर्चच्या भिंतींवर कोरलेले सैतान उभे राहतात, आणि आपल्याला हा चेहरा आधीपासून ओळखीचा का वाटतो, हा प्रश्न मालिका त्याच्याच पदरात टाकते.

उत्तर असे आहे. मंगळ मरणपंथाला लागला होता. तिथल्या जीवांना पृथ्वीची हवा मानवणारी नव्हती, म्हणून त्यांनी इथले वानर पकडून नेले, त्यांच्या मेंदूत बदल केले, आपल्या वृत्ती आणि आपल्या शक्ती त्यांच्यात रुजवल्या आणि त्यांना परत आणून सोडले. आपल्या भाषेत याला एक नेमका शब्द आहे: परकायाप्रवेश. स्वतःला जगता येत नाही तर दुसऱ्याच्या देहातून जगायचे, अशी ही वसाहत. त्या काळच्या ब्रिटनला वसाहत म्हणजे काय हे वेगळे सांगावे लागत नव्हते, आणि वसाहत झालेले आपण आहोत ही कल्पना त्याला किती बोचली असेल, याचा आपण अंदाज करू शकतो.

आता एक प्रसंग थोडा जवळून सांगतो. स्लॅडन नावाचा ड्रिल चालवणारा कामगार रात्री एकटाच आपली अवजारे आवरण्यासाठी यानात शिरतो. एकाएकी भोवतालच्या वस्तू आपोआप हलू, उडू लागतात. तो जीव मुठीत धरून, वेडावाकडा, उड्या घेतल्यासारखा पळत सुटतो आणि एका चर्चच्या आवारात कोसळतो. त्याच्या अंगाखालची खडी लाटांसारखी हेलकावू लागते. पायाखालची वाळू सरकणे हा आपला वाक्प्रचार इथे अक्षरशः घडतो. या सगळ्याला साथ आहे ती बीबीसीच्या रेडिओफोनिक वर्कशॉपमधल्या आवाजांची. ध्वनीवर प्रयोग करणारा हा विभाग त्याच वर्षी, १९५८ मध्ये, सुरू झाला होता. रेडिओच्या श्रोत्यांना मी आग्रहाने सांगेन, की हा प्रसंग एकदा डोळे मिटून ऐका. यंत्राचा म्हणावा असा नाही आणि प्राण्याचा म्हणावा असाही नाही, असा तो आवाज आहे.

पाचव्या भागाचे नाव ‘द वाइल्ड हंट’. मेंदूतली प्रतिमा पडद्यावर उमटवणाऱ्या यंत्रातून मंगळावरची एक जुनी स्मृती दिसते: त्या कीटकांचे थवेच्या थवे आपल्यातल्याच वेगळ्या निपजलेल्यांना वेचून ठार मारत आहेत. पोळे शुद्ध ठेवण्याचा तो विधी आहे. लष्करी अधिकारी कर्नल ब्रीन हे मानायला तयार नाही; त्याच्या मते यान म्हणजे जर्मनांनी युद्धकाळात रचलेला बनाव आहे. हाच ब्रीन चंद्रावर क्षेपणास्त्रांचे तळ उभारण्याच्या योजनेचा पुरस्कर्ता आहे, हेही ध्यानात घ्यावे. शेवटी यानाला ऊर्जा मिळते, लंडनचे रस्ते पेटतात, आणि माणसांचे जमाव आपल्यासारखे नसलेल्यांना शोधून मारू लागतात.

प्रेक्षकांना हे दृश्य कुठून ओळखीचे होते? नाइट्सब्रिजहून हायड पार्क आणि केन्सिंग्टन गार्डन्सच्या पलीकडे नॉटिंग हिल हा भाग आहे. मालिका सुरू होण्याच्या चार महिने आधी, १९५८ च्या ऑगस्टअखेरीस आणि सप्टेंबरच्या आरंभी, तिथे गोऱ्या तरुणांच्या टोळ्यांनी वेस्ट इंडीजहून आलेल्या कुटुंबांच्या घरांवर कित्येक रात्री हल्ले केले होते. कार्टिए यांनी तर असे जमाव त्याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर घडताना अनुभवले होते. म्हणूनच त्या जमावाचे चित्रण इतके नेमके, इतके अंगावर येणारे झाले आहे, असे मला वाटते. आंद्रे मोरेल यांनी साकारलेला शांत, विवेकी क्वाटरमाससुद्धा त्या शक्तीच्या प्रभावाखाली येतो, आणि ज्याच्यावर तिचा परिणाम होत नाही तो रोनी त्याला भानावर आणतो. नायकालाही लेखकाने सूट दिलेली नाही, याचे मला फार मोल वाटते.

यानाच्या ऊर्जेतून लंडनवर एक झळाळती शिंगधारी आकृती उभी राहते. तिच्यावर उपाय सापडतो तोही लोककथेतून. सैतान लोखंडाला भितो, ही जुनी समजूत. आपल्याकडे बाळंतिणीच्या उशाखाली विळा किंवा सुरी ठेवत, त्यामागची भावना हीच. रोनीच्या ध्यानात येते, की लोखंडातून ही ऊर्जा जमिनीत उतरवता येईल. तो लोखंड घेऊन त्या तेजात शिरतो, ऊर्जा जमिनीत जिरते आणि रोनी प्राणाला मुकतो.

त्यानंतर क्वाटरमास दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासमोर येऊन देशाशी बोलतात. रोनींच्या ऋणाचा उल्लेख करून ते सांगतात, की मंगळाचा हा वारसा आपल्या सर्वांच्या आत आहे आणि तो आवरता आला नाही, तर पृथ्वी हा त्या जीवांचा दुसरा मृत ग्रह ठरेल. २६ जानेवारी १९५९ च्या रात्री, लंडनमधल्या दिवाणखान्यांत बसलेली माणसे हे भाषण त्याच पडद्यावर ऐकत होती, ज्यावर त्यांनी सप्टेंबरमध्ये नॉटिंग हिलच्या बातम्या पाहिल्या होत्या.