पाच बुचं आणि एक तार

(दृश्य: मोकळं आवार, ट्रेलरवर रांगेत झाकलेल्या बोटी. ताडपत्र्या फडफडतात. १० सेकंद नुसता वारा.)

डॅलसच्या उत्तरेला, लुइसव्हिल तलावाजवळचं हे भाड्याचं आवार. घराच्या दारात बोट उभी केली की सोसायटीची नोटीस येते, त्यामुळे आसपासच्या कितीतरी बोटी इथेच असतात. आज दुपारी माणसं अर्ध्या बाह्यांत फिरतायत. उद्या पहाटे पारा उणे नऊपर्यंत उतरणार आहे. टेक्ससची थंडी अशीच येते, सांगूनसवरून, पण एका रात्रीत.

(दृश्य: काका इंजिनावरचं झाकण उचलतात.)

हे काका मूळचे मालवणचे. वडिलांची मासेमारीची बोट होती. थंडी यायच्या आधी तिच्या इंजिनातलं पाणी असं काढायला लागायचं का, असं विचारलं तर हसतात. "थंय इंजिन गंजता, गोठना नाय."

मोटारीच्या रेडिएटरमध्ये न गोठणारं कूलंट असतं. या बोटीचं इंजिन मात्र तलावाचंच पाणी ओढतं, अंगातून फिरवतं आणि बाहेर टाकतं. इंजिन बंद केलं, बोट ट्रेलरवर चढवली, तरी ब्लॉकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य बिडाच्या ठोकळ्याच्या, पोटात पाणी उरतं. पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं. बिडाचं लोखंड फुगत नाही, तडकतं.

(दृश्य: जवळून. पाना, बूच, काळपट पाण्याची धार.)

या इंजिनाला पाच बुचं. ब्लॉकच्या दोन्ही अंगांना एकेक, दोन्ही एक्झॉस्ट मॅनिफोल्डना, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळांना, एकेक, पाचवं पंपाच्या नळीखाली. तुमच्या इंजिनाला किती, ते मॅन्युअलमध्ये बघा. शेजाऱ्याला विचारू नका.

पहिलं बूच निघालं, धार लागली. दुसरं निघालं. पाणी नाही.

इथे थांबा. चित्रणात हा तुकडा आम्ही मुद्दाम कापलेला नाही. बूच काढलं आणि काहीच आलं नाही, की "चला, रिकामं आहे" म्हणून माणूस पुढच्या बुचाकडे वळतो. काकांनी कपडे टांगायच्या हँगरची तार सरळ करून भोकात घातली. दोनदा फिरवली. गंजाचा एक खपला आला, डाळीच्या सालपटाएवढा. त्यामागून भडाभडा पाणी.

(दृश्य: पाणी थेंबावर येईपर्यंत. निवेदन नाही.)

मग ही गुलाबी बाटली. न गोठणारं प्रॉपिलीन ग्लायकॉल. मोटारीतलं हिरवं बहुतेकदा एथिलीन ग्लायकॉल असतं, चवीला गोड आणि कुत्र्यामांजरांना जीवघेणं. ते तलावाच्या काठी नकोच. पण गुलाबीचाही एक धोका आहे. थंड इंजिनात थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापल्यावरच उघडणारी झडप, बंद असतो. पाणी न काढता वरून गुलाबी ओढू दिलं, तर ते ब्लॉकला वळसा घालून मागच्या मागे एक्झॉस्टमधून बाहेर पडतं. जमिनीवर छान गुलाबी ओघळ दिसतो, मालक खूश होऊन घरी जातो आणि पाणी जिथल्या तिथे. म्हणून आधी बुचं काढून पाणी सोडायचं, मग बुचं बसवून बाटली.

आउटबोर्डवाल्यांचं, म्हणजे बोटीच्या मागे बाहेर टांगलेलं इंजिन असणाऱ्यांचं, काम सोपं. इंजिन सरळ खाली करून ठेवायचं, पाणी आपोआप निथळतं.

(दृश्य: आवाराचा कोपरा, झाकण नसलेलं जुनं इंजिन. बाजूला केसासारखी भेग.)

ही भेग फेब्रुवारी २०२१ ची. त्या आठवड्याचं चित्रण आमच्याकडे नाही. फोन चार्ज करायलाच वीज नव्हती. १६ तारखेला डॅलस विमानतळावर उणे १९ अंश सेल्सिअसची नोंद झाली. राज्यात ४५ लाखांच्या आसपास घरं आणि दुकानं अंधारात गेली, अधिकृत मोजणीत २४६ माणसं दगावली.

या इंजिनाशेजारी छोटा हीटर लावलेला होता. घरामागच्या शेडमधून वायर ओढून, चांगल्या दोन वायरी जोडून. लाइट गेली, हीटर विझला. बुचं कुणी काढलीच नव्हती. एप्रिलमध्ये ऑइलची कांडी बाहेर काढली तेव्हा ऑइल दुधाळ कॉफीसारखं झालं होतं, म्हणजे भेगेतून त्यात पाणी मिसळलं होतं.

तलावात तरंगणाऱ्या बोटीला खालच्या पाण्याची थोडी ऊब असते. ट्रेलरवरच्या बोटीच्या पोटाखालून वारा वाहतो. या आवारात तर विजेचा प्लगही नाही. काका म्हणतात, बरंच आहे, भरवसा ठेवायला काही उरत नाही.

(दृश्य: संध्याकाळ. स्टीलच्या डब्यात बुचं मोजतात: एक, दोन, तीन, चार, पाच.)

बाटली न भरता इंजिन रिकामंच ठेवायचं असेल, तर बुचं लगेच परत बसवत नाहीत. ती कापडी पिशवीत जातात आणि पिशवी इंजिनाच्या किल्लीला बांधली जाते. किल्ली हातात घेतली की बुचं हातात येणारच.

(दृश्य: ताडपत्रीची दोरी आवळतात. उत्तरेकडे निळसर काळी रेघ. फाटक बंद.)